बूच लावलं का?

नागपूरला समुद्र नाही, ही माहिती मला आजवर ज्यांनी ज्यांनी दिली त्या सगळ्यांचा मी आभारी आहे. मुलीच्या सासरच्यांनी दिली, बँकेतल्या साहेबांनी दिली, एकदा तर रामदासपेठेतल्या दवाखान्यात रक्तदाब मोजता मोजता नर्सबाईंनी दिली. "काका, काय करता तुमी?" "बोट चालवतो." "नागपुरात?" आणि मग त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की रक्तदाब राहू दे, याला वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे पाठवावं.

तेव्हा आधी खुलासा करतो. समुद्र नसला तरी नागपूरच्या आजूबाजूला तलाव आहेत, धरणं आहेत, त्यांत मासे आहेत. आणि शहरात असे काही सज्जन आहेत, ज्यांना रविवारी सकाळी घरच्या गादीपेक्षा त्या माशांची ओढ जास्त. ही मंडळी जाळं टाकत नाहीत. गळ टाकतात आणि पाण्याकडे पाहत बसतात. मासा लागला तर त्याच्याबरोबर फोटो काढतात आणि त्याला परत पाण्यात सोडून देतात. धरणाच्या काठावर गिरजाबाईची चहा-भज्यांची टपरी आहे. ती ढिवरांच्या घरची, मासेमारी तिच्या रक्तात. तिने हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा भज्याचा घाणा करपला.

"सोडला? काहून सोडला गा? नासका होता का?"

मी म्हटलं, "नाही बाई, हा यांचा खेळ आहे."

"मंग माशाले इचारलं का, तुहाबी खेळच आहे का म्हणून?"

मी चहा सांगितला.

तर अशा मंडळींची एक छोटी बोट मी पुष्कळ वर्षं चालवली आणि सांभाळली. धरण कोणतं ते सांगत नाही. रामटेकच्या अंगाला आहे एवढं पुरे. गळवाल्याला त्याची बायको किती वर्षांची आहे हे विचारा, तो सांगेल. रोहू कुठे लागतो हे मात्र तो मरताना मुलालाही सांगणार नाही. मी त्यांच्या मिठाला जागतो.

मुळात मी इंजिनवाला. सदरमधल्या एका बोळात माझं दुकान होतं, शेतीच्या पंपाची इंजिनं दुरुस्त करायचो. एके दिवशी सदरमधलेच कापडवाले सेठजी गाडीच्या डिकीत काहीतरी चादरीत गुंडाळून घेऊन आले. चादर सोडली तर आत बोटीचं इंजिन. हे इंजिन बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून लटकवतात, खाली पाण्यात त्याचा पंखा फिरतो. सेठजींनी ते नको त्या कुशीवर आडवं घालून आणलं होतं, त्यामुळे तेल जिथे जाऊ नये तिथे गेलं होतं. मी ओळखदेख नसताना त्यांना तिथेच झापलं. सेठजी शांतपणे ऐकून घेत होते. माझं संपल्यावर दुकानाच्या पाटीवरचं नाव वाचून म्हणाले, "मोरूभाऊ, इतका गुस्सा करणारा माणूस इंजिनवर प्रेम करते. तुमीच चालवा न आमची बोट."

चुका काढणं हा माझा स्वभावच. घरी म्हणतात, हा माणूस स्वर्गात गेला तर पहिल्या दिवशी तिथल्या नळाचे वायसर बदलेल. बोटीवर मात्र हा स्वभाव उपयोगी पडतो.

सेठजींबद्दल आणखी एक सांगायला हवं. ते पक्के शाकाहारी, कांदा-लसूणही वर्ज्य. घरी सांगून यायचे, "हवा खायला जातो." कणकेचा गोळा स्वतःच्या हाताने मळायचे, त्यात बडीशेप आणि हिंग घालायचे, चव घेऊन पाहायचे आणि मग गळाला लावायचे. मासा वर आला की त्याला दोन्ही हातांत धरून म्हणायचे, "माफ करना भैया, तकलीफ दिली." मग सोडायचे. मासा निघून गेला तरी थोडा वेळ हात जोडलेलेच असायचे.

आता बोटीबद्दल. आमची बोट फायबरची, चार माणसांची. चार म्हणजे चार. "पाचवं लेकरू आहे, मांडीवर बसेल," असं म्हणणारे दर महिन्याला एक तरी भेटत. मी सांगायचो, मांडी आहे तुमची, वजन आहे बोटीवर. दुसरा नियम, तरंगायचं जॅकेट घातल्याशिवाय कोणीही बोटीत पाय ठेवायचा नाही. एक साहेब म्हणाले, नवीन शर्ट आहे, फोटोत दिसणार नाही. मी त्यांना गिरजाबाईच्या टपरीवर बसवून शर्टाचे फोटो काढून दिले आणि बोट घेऊन निघून गेलो. तिसरा नियम, बोटीत उभं राहायचं नाही. मासा लागला की माणूस आपोआप उभा राहतो, आणि माणूस उभा राहिला की बोट आडवी होऊ पाहते. चौथी गोष्ट लाल दोरी. तिचं एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला आणि दुसरं इंजिनाच्या बटणाला. चालवणारा पाण्यात पडला की दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद पडतं. नाहीतर चालक पाण्यात आणि बोट आपली चालली एकटीच, असं होतं. पेट्रोलचे तीन वाटे धरायचे, एक जायला, एक यायला आणि एक कपाळाला.

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट अगदी लहान आहे. ती म्हणजे बूच.

बोटीच्या मागच्या फळीला, अगदी तळाशी, एक भोक असतं. लोकांना हे सांगितलं की ते दचकतात. बोटीला मुद्दाम भोक? हो, मुद्दाम. बोट जमिनीवर ट्रॉलीवर उभी असते तेव्हा आत साचलेलं पावसाचं पाणी त्यातून निघून जावं म्हणून. पाण्यात उतरवण्याआधी त्या भोकात पितळेचं बूच आटे फिरवून बसवायचं असतं. बूच अंगठ्याएवढं. ते विसरलं की बोट काही लगेच बुडत नाही. ती आधी तुम्हाला मधोमध नेते, मग बुडते.

म्हणून मी बोट उतरवताना मोठ्याने विचारायचो, "बूच लावलं का?" ते स्वतः लावलेलं असलं तरी विचारायचो. घरीही माझी हीच सवय. आमच्या प्रतापनगरच्या घरात मी निघताना गॅस, नळ, कडी सगळ्याला बूच म्हणायचो. आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एक व्याख्यान ठरलेलं होतं, की बोटीत इंजिन महत्त्वाचं नाही, वल्ही महत्त्वाची नाहीत, चालवणाराही नाही. "हे एवढंसं पितळ आहे म्हणून माणूस घरी येतो." हे व्याख्यान सगळ्यात जास्त वेळा ऐकलं माझ्या पत्नीने, कुसुमने. आणि ते मनावर घेतलं तेही तिनेच. पुढचं सगळं त्यामुळे घडलं.

कुसुमला पाण्याची धास्ती होती. तिचं माहेर उमरेडकडचं. तिच्या लहानपणी धाकटा भाऊ दिनू गावच्या तलावात फुटक्या डोंग्यातून गेला तो परत आला नाही. डोंगा म्हणजे लाकूड कोरून केलेली होडी. तेव्हापासून ती कोणत्याही तलावाच्या काठाला गेली नाही. अंबाझरी तलावावर आम्ही मुलीला घेऊन जायचो तर ही बागेतच बसायची, पाण्याकडे पाठ करून. आणि नवरा मिळाला तो असा. मी बोटीची नोकरी धरली तेव्हा ती भांडली नाही. फक्त म्हणाली, "मले कधी या म्हणू नका." मी कधी म्हटलं नाही.

पण दर दसऱ्याला ती माझ्या हत्यारांची पूजा मात्र मनापासून करायची. आपल्याकडे दसऱ्याला ज्याच्या त्याच्या कामाच्या हत्यारांची पूजा होते, त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही, विश्रांती द्यायची. मी अवजारांची पिशवी घरी आणायचो. कुसुम पाटावर सगळं मांडायची. नट खोलायचे पाने, स्पार्क प्लग, जुना पंखा, लाल दोरी आणि लहानशा कापडी थैलीतलं बूच. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकाला झेंडूचं फूल. ग्रीसच्या डब्यालासुद्धा.

दोन वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला. त्या वर्षीचा हंगाम झाला की बोट सोडायची, असं मी ठरवलं. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर कुसुम अचानक म्हणाली, "उद्या मीबी येते."

"कुठे?"

"तुमच्या बोटीत. एकदा पाहून तं घेऊ, माणसानं कायच्या मागं जिंदगी घातली."

मला फार आनंद झाला. मी नुसताच उठून नळ घट्ट बंद करून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धरणावर पोचलो. ऑक्टोबरचं स्वच्छ ऊन होतं, पाणी शांत. सेठजी आधीच हजर, कणकेचा गोळा रुमालात. कुसुमला पाहून त्यांनी लांबूनच नमस्कार केला. "या भाभीजी, आज बोटीत लक्ष्मी आली." गिरजाबाईने उतारावर दसऱ्याच्या धुण्यातल्या गोधड्या वाळत घातल्या होत्या. कुसुमला पाहून तीही भजी सोडून आली.

"हाच का वं तुहा नवरा? बाप्पा, कशी राहतं याच्यासंगं? दिवसभर वटवट करते."

"घरी कमी करते," कुसुम म्हणाली. "घरी मी असते न, बोलाले."

कुसुमचा आवाज हसरा होता, पण माझ्या शर्टाची बाही तिने घट्ट धरून ठेवली होती. मी तिला जॅकेट घातलं, पट्टे ओढले. बोट ट्रॉलीवरून अर्धी पाण्यात गेली होती. तिने एक पाय बोटीत टाकला, दुसरा जमिनीवरच ठेवला, आणि मध्ये माझी कॉलर पकडली. अशा अवस्थेत मला ना पुढे सरकता येईना ना खाली वाकता. म्हणून मी खिशातली बुचाची थैली मागे उभ्या सेठजींच्या हातात दिली आणि नेहमीप्रमाणे ओरडलो, "सेठजी, बूच लावलं का?"

मागे सेठजी वाकल्याचं जाणवलं. मग ठक ठक, तळहाताने ठोकल्यासारखं. मग सेठजी म्हणाले, "बसवलं! एकदम टाइट!"

बूच ठोकायचं नसतं, फिरवायचं असतं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण कॉलर गळ्याला आवळत होती आणि बायको आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोटीत येत होती.

मी इंजिन अगदी हळू ठेवलं. एरवी अशा चालीने मी बोट चालवली असती तर सेठजींनी मला वल्हीच हातात दिली असती. कुसुम मधल्या फळीवर ताठ बसली होती, डोळे समोरच्या डोंगरावर. पाण्याकडे ती बघतच नव्हती. मधोमध आल्यावर मी इंजिन बंद केलं. "बघ," मी म्हटलं, "किती शांत आहे." सेठजींनी गळ टाकला.

कुसुमने हळूहळू मान खाली केली. "अवो," ती म्हणाली, "पाय ओले होऊन राहिले."

"सेठजींच्या गळाच्या दोरीचं पाणी आहे ते. बोटीत थोडं येतंच."

"थोडं नाही आहे."

"तुला सवय नाही म्हणून वाटतं वं."

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो, की बोटीत कोणी पाणी म्हटलं तर आधी उठून तळ बघायचा, मग बोलायचं. बायकोने म्हटलं की ही शिकवण कुठे जाते कोण जाणे. तेवढ्यात मागच्या फळीखालून एक लहानशी गोल वस्तू पाण्यातून घरंगळत आली आणि कुसुमच्या पायाशी थांबली. तिने वाकून उचलली.

"अवो, ही सुपारी इथं कशी?"

सुपारी होती. हळदकुंकू लावलेली, लाल धागा गुंडाळलेली. पूजेची सुपारी.

तिघंही एकमेकांकडे पाहू लागलो. प्रत्येकाला एक तृतीयांश गोष्ट माहीत होती, आणि ती जोडली जाईपर्यंत पाणी घोट्याला आलं.

कुसुमचा भाग असा, की तिने पूजा झाल्यावर बूच थैलीत ठेवलंच नव्हतं. ते देवघरात ठेवलं होतं. आणि थैली रिकामी राहू नये म्हणून त्याच्या जागी सुपारी ठेवली होती. पूजेत जे हजर नसेल त्याच्या जागी सुपारी ठेवतात, ही रीत तिला तिच्या आईने शिकवलेली. सेठजींचा भाग असा, की त्यांनी थैली उघडली तर आत सुपारी.

"मला वाटलं दसऱ्याचं आहे," सेठजी म्हणाले. "सुपारी म्हणजे गणपती. म्हटलं मोरूभाऊंनी आज खुद्द विघ्नहर्ता बसवायला सांगितला. मी नमस्कार करून बसवला."

"भोकात?"

"श्रद्धेने बसवला, मोरूभाऊ."

माझा भाग मला सांगायची गरज नाही. तो वाचकांनी वर वाचलाच आहे. चूक नेमकी कोणाची यावर आमच्या घरात आजही एकमत नाही, आणि मी विषय काढत नाही.

मी मागे वाकलो. भोकातून अंगठ्याएवढी धार आत येत होती. घाबरायचं कारण नव्हतं, कारण मी नेहमी प्रत्येक वस्तूची जोडी ठेवायचो. पुढच्या डब्यात दुसरं बूच होतं. "सेठजी, डबा उघडा. जादा बूच द्या."

सेठजी हलले नाहीत.

"सेठजी!"

"मोरूभाऊ," ते अगदी हळू म्हणाले, "मागच्या रविवारी शिसं संपलं होतं. गळ खाली जाईना. तर ते पितळेचं मी वजन म्हणून बांधलं. मोठा मासा होता. घेऊन गेला."

त्या माशाच्या पोटात किंवा धरणाच्या तळाशी माझं जादा बूच आजही असेल. मी तोंड उघडलं, आयुष्यातलं सगळ्यात मोठं झापण तयार होतं. पण कुसुमकडे नजर गेली आणि ते तिथेच विरलं. ती पांढरीफटक पडली होती.  मला कळत होतं ती कुठे आहे. ती उमरेडकडच्या त्या तलावावर होती, फुटक्या डोंग्याकडे पाहत. मला भीती वाटली ती तिच्यासाठी, माझ्यासाठी नाही. आमच्या तिघांच्याही अंगात जॅकेटं होती, आम्ही तरंगत राहिलो असतो, कोणी ना कोणी आलं असतं. पण ती एकदा पाण्यात पडली असती तर परत माणसात आली नसती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

अशा वेळी घाबरलेल्या माणसाला काम द्यायचं, हा बोटीवरचा जुना उपाय. "कुसुम," मी म्हटलं, "इकडे ये. बसूनच ये. पदराची घडी कर आणि या भोकावर तळहात दाबून धर. एवढं तुलाच जमेल, माझा हात इंजिनावर हवा."

ती आली. सरपटत आली, पण आली. पाण्यात बसली, पदराचा बोळा केला आणि हात दाबून धरला. धार थांबली. सेठजींना म्हटलं, डब्याने पाणी उपसा. त्यांच्याकडे घरून दिलेला कचोरीचा मोठा डबा होता. त्यांनी झाकण उघडलं आणि विचारलं, "कचोरी कुठे ठेवू?"

"पोटात!"

त्यांनी दोन खाल्ल्या, उरलेल्या जॅकेटमध्ये कोंबल्या आणि उपसायला लागले. माणूस भला, कामाला वाघ. थोड्या वेळात बोट हलकी झाली. मी त्यांना पुढच्या टोकाला जाऊन बसायला सांगितलं आणि इंजिन सुरू केलं.

आता इथे धंद्यातली एक गंमत सांगतो. बोट थांबलेली असली की त्या भोकातून पाणी आत येतं. पण बोट जोरात निघाली की ती नाक वर करून पाण्यावर चढते, मागच्या फळीला पाणी टेकत नाही, आणि मग त्याच भोकातून आतलं पाणी बाहेर खेचलं जातं. म्हणजे पळत राहिलो तर कोरडे, थांबलो तर गेलो. आम्हाला जोरात जायचं होतं. आणि आतलं उरलेलं पाणी जायचं असेल तर कुसुमने हात काढायला हवा होता.

बोट वेगात आली. "कुसुम, आता हात काढ."

"काय?"

"हात काढ. पाणी आपोआप बाहेर जाईल."

"भोक उघडं ठेवू म्हणता?" ती ओरडली. "वेडे झाले का तुमी?"

ज्या बाईचा भाऊ फुटक्या डोंग्यात गेला, तिला मी भर धरणात भोक उघडं सोडायला सांगत होतो. तिच्या जागी मी असतो तर नवऱ्यालाच बाहेर टाकलं असतं. मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. वेग, दाब, फळी. इंजिनाच्या आवाजात माझं अर्धं व्याख्यान वाऱ्यावर गेलं. पुढून सेठजी, ज्यांना यातलं काही कळत नव्हतं, हात वर करून म्हणाले, "भाभीजी, आज एकदा ऐका त्यांचं! वापस घरी मत सुनना!"

कुसुमने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिने मला शेकडो वेळा पाहिलं असेल, असं कधी पाहिलं नव्हतं. मग डोळे गच्च मिटले आणि हात काढला.

काही झालं नाही. म्हणजे जे व्हायला हवं तेच झालं. बोटीतलं पाणी मागे गोळा झालं आणि भोकातून सरसर बाहेर जाऊ लागलं. तिने एक डोळा उघडला. मग दुसरा. मग वाकून भोकाजवळ हाताचं बोट नेलं, पाणी खरंच जातंय का ते पाहायला. "अवो," ती म्हणाली, "जाऊन राहिलं!" आणि हसली. ओल्या साडीत, तळाशी बसून, मोठ्याने हसली.

काठ जवळ येत होता आणि नवीन प्रश्न समोर आला, की थांबायचं कसं. हळू झालो की बोट पुन्हा बसणार आणि भरणार. एकच उपाय होता, आहे त्या वेगात मऊ उतारावर बोट चढवायची आणि शेवटच्या क्षणी इंजिन वर उचलायचं, नाहीतर पंखा दगडावर जाणार. काठावर गिरजाबाईला वाटलं मी बायकोसमोर ऐट करतोय. ती दोन्ही हात हलवत ओरडत होती, "हळू गा, बह्याडा! हळू! माह्या गोधड्या!"

गोधड्यांवरच चढलो. बोट चिखलातून सरकत वर गेली, दोन गोधड्या पुढच्या टोकाला गुंडाळून थांबली, आणि सेठजी तिसरीवर हात जोडलेल्या अवस्थेत उतरले. एक कचोरी शाबूत होती. ती त्यांनी गिरजाबाईला दिली, नुकसानभरपाई म्हणून. गिरजाबाईने ती खाल्ली आणि तरीही आम्हाला शिव्या दिल्या. चहाच्या तिसऱ्या कपानंतर तिच्या शिव्या संपल्या.

कुसुम चुलीजवळ बसून साडी वाळवत होती. मी तिच्याजवळ बसलो आणि शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं, "बूच देवघरात काहून ठेवलं वं?"

ती म्हणाली, "तुमीच म्हणता न, हे आहे म्हणून माणूस घरी येते. म्हणून मी घरीच ठेवलं. म्हटलं, हे घरी असलं तं तुमी याल."

बूच बोटीला लागतं, देवाला नाही, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी चहा प्यालो.

पुढच्या रविवारी तिने मला लवकर उठवलं. देवघरातून बूच काढलं, पदराने पुसलं आणि स्वतःजवळ ठेवलं. मला म्हणाली, "त्या दिवशी नुसतं पळत राहिलो. थांबून पाहायचं राहूनच गेलं." धरणावर तिने सेठजींना बाजूला केलं, स्वतः वाकली आणि बूच फिरवून फिरवून बसवलं. मी हात लावून पाहिलं. नेम म्हणजे नेम. तिने ते पाहिलं आणि जॅकेटचे पट्टे स्वतःच ओढले.

मधोमध जाऊन मी इंजिन बंद केलं. सेठजींनी गळ टाकलाच नाही, कणकेचा गोळा मांडीवर ठेवून बसले. कुसुमने आधी तळ पाहिला. कोरडा होता. मग ती एका बाजूला सरकली, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. बराच वेळ तसाच ठेवला. मग पाण्याकडे वाकून हळू म्हणाली, "दिनू, आली गा मी. उशीर झाला."

दिनूचा तलाव हा नव्हे. तो उमरेडकडे, शहराच्या पार दुसऱ्या अंगाला आहे. मी इंजिन बंदच राहू दिलं.